कापसाचे सरकारी पैसे खात्यात येईपर्यंत: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरकारी मदतीची यादी लागली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत एकच धावपळ सुरू होते. कुणी सेतू केंद्रात, कुणी बँकेत, कुणी तलाठ्याच्या शोधात. दोन दिवसांची मजुरी बुडते, झेरॉक्सचा खर्च होतो, आणि मग कळतं की चूक ऑगस्टमध्येच झाली होती, पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, शेतात उभी असताना. आता शेत मोकळं झालेलं असतं. दाखवायला काही उरत नाही.

मी काही वर्षांपासून शेजारपाजारच्या शेतकऱ्यांचे अडकलेले कागद घेऊन बसतो. कागद नाहीत म्हणून पैसे अडले असं क्वचितच दिसतं. कागद असतात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक, पीक पाहणी (शेतात कोणतं पीक आहे याची नोंद) आणि बँक खातं या चारही ठिकाणी तोच माणूस, तेच शेत आणि तेच पीक दिसावं लागतं. दुरुस्तीही याच क्रमाने करावी लागते, कारण पुढची नोंद मागच्या नोंदीतून माहिती उचलते. लोक नेमकं उलटं करतात. आधी बँकेत जातात आणि सातबारा शेवटी उघडतात.

## आधी हे ओळखा: तुम्ही कोणत्या पैशाची वाट बघताय?

गावात सगळ्यालाच ‘अनुदान’ म्हणतात, त्यामुळे माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. कापूस उत्पादकाकडे सरकारी पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो.

जाहीर केलेलं अर्थसाहाय्य. उदाहरण २०२३ च्या खरिपाचं घ्या. राज्य सरकारने २०२४ मध्ये कापूस आणि सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत जाहीर केले. २० आरपेक्षा कमी क्षेत्राला (१०० आर म्हणजे एक हेक्टर) सरसकट १,००० रुपये होते. म्हणजे ६० आर कापूस असेल तर ३,००० रुपये, आणि पाच हेक्टर असला तरी १०,००० रुपयेच. हे काम कृषी विभागाकडे होतं आणि पात्रता ठरली ती मुख्यतः आदल्या वर्षीच्या पीक नोंदीवरून. घोषणा झाली तेव्हा त्या हंगामाची वेळ केव्हाच निघून गेली होती. नोंद पैशासाठी करायची नसते, दर हंगामात करून ठेवायची असते, असं मी कळकळीने सांगतो ते यासाठीच.

नुकसानीची मदत. अतिवृष्टी, पूर, गारपीट यांची. हे काम महसूल विभागाचं. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान आणि पंचनामा हा तिचा पाया. २०२५ च्या अतिवृष्टीत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये असा दर होता, मर्यादा दोनवरून तीन हेक्टर केली होती.

हमीभावाने विकलेल्या कापसाचे पैसे. हे अनुदान नाही, तुमच्या मालाची किंमत आहे. पण भारतीय कपास निगम, म्हणजे आपण ज्याला सीसीआय म्हणतो, ते पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच टाकतं. म्हणून अडचणीही त्याच येतात.

पीक विमा या तिन्हींपेक्षा वेगळा, त्यात विमा कंपनी येते. इथे एवढंच लक्षात ठेवा की एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आहे, कापसाला विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो, आणि विम्यात लिहिलेलं पीक व क्षेत्र पीक पाहणीशी जुळलं पाहिजे.

## टप्पा १: सातबारा आणि आठ-अ (उन्हाळ्यात, पेरणीआधी)

महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. प्रत्येक गटाचा वेगळा काढा, आठ-अही (तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा) काढा. मग आधार कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा. वरवर बघू नका.

हे तपासा:

१. तुमचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. सातबाऱ्यावर ‘लक्ष्मण’ आणि आधारवर ‘लछमन’ असेल तर माणसाला ते एकच वाटतं, संगणकाला नाही.

२. लग्न झालेल्या बाईच्या नावावर माहेरची जमीन असेल तर सातबाऱ्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं हमखास असतं. तिच्या बाबतीत ही दुरुस्ती सगळ्यात आधी हाती घ्या.

३. वडील वारले आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे का? असेल तर खालचे सगळे टप्पे बंद. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करा. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, पत्ते आणि सातबारा लागतो.

४. क्षेत्र. आठ-अवरची बेरीज तुमच्या माहितीशी जुळते का?

संगणकीकरणात झालेली लिहिण्याची चूक, म्हणजे हस्तलिखित सातबाऱ्यात बरोबर आणि ऑनलाइनमध्ये चुकीची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होते. अर्जासोबत जुना हस्तलिखित उतारा आणि त्या वेळचा फेरफार (नोंदीतल्या बदलाचा उतारा) जोडा. हे दोन कागद नसतील तर अर्ज तारखेवर तारीख खातो.

आणि चूक आधारवर असेल तर आधारच दुरुस्त करा. सातबारा बरोबर असताना तो आधारसारखा करून घ्यायचा उपद्व्याप काही जण करतात. त्याने पुढे खरेदी-विक्रीत आणि वारसांना त्रास होतो.

इशारा: फेरफार नोंदीला हरकतीसाठी नोटीस काढावी लागते आणि ती १५ दिवसांची असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. म्हणून वारस नोंद जुलैत सुरू करून ऑगस्टच्या पीक पाहणीत नाव दिसेल या भरवशावर राहू नका. मार्च-एप्रिल ही खरी वेळ.

## टप्पा २: शेतकरी ओळख क्रमांक

ॲग्रीस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदवहीचा, हा ११ अंकी क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे, आणि नुकसानीच्या मदतीलाही आता मागतात. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल आणि सातबारा घेऊन सेवा केंद्रात गेलात तर बसल्या बैठकीत अर्ज होतो.

घोळ होतो तो दोन जागी. एक, सगळे गट जोडले जात नाहीत. तुमची जमीन दोन गावांच्या शिवारात असेल तर दोन्ही गावं निवडून प्रत्येक गट जोडावा लागतो. केंद्रावर गर्दी असते, चालक एक गट जोडून पुढच्याला हाक मारतो. तुम्ही हातात आठ-अ ठेवा आणि शेवटची सही होण्याआधी पडद्यावरची गट क्रमांकांची यादी स्वतः वाचा. दोन, मिळालेल्या नोंदणी क्रमांकालाच लोक ओळख क्रमांक समजतात. तो फक्त अर्जाचा क्रमांक. नाव नीट जुळलं नाही तर अर्ज मंजुरीसाठी महसूल यंत्रणेकडे जातो आणि तिथे पडून राहू शकतो. ‘मंजूर’ असं दिसून ११ अंक मिळेपर्यंत काम झालं असं धरू नका.

सामायिक खात्यात प्रत्येक खातेदाराने आपला क्रमांक स्वतंत्र काढायचा. थोरल्या भावाने काढला म्हणून धाकट्याचं काम होत नाही.

तपासणी: जोडलेल्या क्षेत्राची बेरीज = आठ-अवरची तुमची बेरीज. जुळली तरच पुढे चला.

## टप्पा ३: ई-पीक पाहणी, सगळ्या घोळाचं मूळ

इथे थोडं थांबून वाचा. कापसाच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसा याच टप्प्यावर गळतो.

पीक पाहणीचं डीसीएस (डिजिटल क्रॉप सर्व्हे) ॲप वापरून खातेदाराने आपलं पीक स्वतः नोंदवायचं असतं. २०२५ च्या खरिपात शेतकरी स्तरावरची नोंद १ ऑगस्टपासून सुरू झाली. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर सहायकांमार्फत उरलेली पाहणी होते. पण सहायक करतील म्हणून वाट बघू नका. त्यांना तुमच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) आत काय पेरलंय ते तुमच्याइतकं माहीत नसतं.

शेतात जाण्याआधी. फोन पूर्ण चार्ज करा, ॲप अद्ययावत करा, लोकेशन चालू करा, ओटीपी घेऊन प्रवेश घरीच, नेटवर्क असताना करून ठेवा. सातबारा खिशात असू द्या. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, तेव्हा स्वतःचा स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. घरातलं शिकलेलं पोर सोबत न्या, पण स्वतःही जा. कोणत्या धुऱ्यापासून कोणत्या धुऱ्यापर्यंत कापूस आहे, हे तुम्हालाच ठाऊक.

शेतात, या क्रमाने:

१. खाते क्रमांक आणि गट निवडा. एकापेक्षा जास्त गट असतील तर ज्या गटात उभे आहात तोच.

२. हंगाम खरीप. पड जमीन, कायम पड, धुरे यांचं क्षेत्र आधी वजा होतंय का ते बघा.

३. पीक एकटं की मिश्र? आपल्याकडे पऱ्हाटीच्या सहा-आठ ओळींनंतर तुरीची ओळ असते. इथे सरळ ‘निर्भेळ पीक, कापूस’ निवडून पूर्ण क्षेत्र टाकणारे बरेच. मग तुरीची खरेदी सुरू झाली की नोंदणीसाठी सातबारा घेऊन जातात आणि त्यावर तूरच नसते. उलट काही जण अर्धं-अर्धं क्षेत्र टाकतात आणि कापसाची मदत अर्धी पदरात पडते. मिश्र पीक निवडा, कापूस मुख्य ठेवा, आणि ओळींच्या प्रमाणात क्षेत्र विभागा. आठ ओळी कापूस आणि एक ओळ तूर असेल तर नऊपैकी आठ भाग कापसाचे.

४. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये टाकायचं असतं, एकरात नाही. एक एकर म्हणजे ४० आर, म्हणजे ०.४० हेक्टर. तीन एकराचे ‘३’ टाकले की ते तीन हेक्टर होतात आणि गटाच्या क्षेत्राशी टक्कर होते. गट मोठा असेल तर टक्करही होत नाही, चुकीचं क्षेत्र गुपचूप चढतं. ते जास्त वाईट.

५. सिंचनाचं साधन. विहिरीवर ओलित करत असाल तर विहीर लिहा, ठिबक असेल तर ठिबक. सगळे घाईत ‘अजलसिंचित’ (कोरडवाहू) दाबून मोकळे होतात. वरचे दर पुन्हा बघा. नुकसान झालं तर कोरडवाहू आणि बागायतीत दुपटीचा फरक आहे.

६. लागवडीची तारीख खरी टाका.

७. फोटो गटाच्या हद्दीत उभं राहूनच काढा. पीक ओळखू आलं पाहिजे. मोबाइल आकाशाकडे धरून काढलेल्या फोटोत ढग येतात, पऱ्हाटी येत नाही.

८. अपलोड. नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्येच राहते. लोक शेतातून घरी येतात, जेवतात, विसरतात. रस्त्यावर आल्यावर रेंज मिळाली की तिथेच उभं राहून अपलोड झाल्याची खात्री करा.

चूक झाली तर ४८ तासांच्या आत एकदा स्वतःच दुरुस्त करता येते. म्हणून घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी चहा घेताना पूर्ण नोंद पुन्हा वाचा, सातबारा समोर ठेवून. दोन दिवस गेले की तुम्ही तलाठ्याच्या हातात.

तपासणी: ॲपमध्ये गावातल्या खातेदारांची पीक पाहणी बघायची सोय आहे. तुमच्या नावापुढे पीक दिसतंय का ते पाहा. मग हंगामाच्या शेवटी सातबाऱ्याच्या खालच्या भागात, गाव नमुना बारामध्ये, कापूस आणि क्षेत्र आलंय का ते नव्या उताऱ्यावर बघा. ॲपमध्ये दिसणं आणि बारावर चढणं या दोन गोष्टी आहेत. दुसरी झाली तरच पुढे उपयोग.

मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्यांसाठी. हा सगळ्यात दुखरा भाग आहे. पीक तुमचं, नोंद मालकाच्या खात्यावर. त्यामुळे अर्थसाहाय्य आणि नुकसानीची मदत मालकाच्या खात्यात जाते. ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही, पण आज ती आहे. पेरणीआधीच मालकाशी बोला आणि साध्या कागदावर का होईना, नुकसानीची मदत आली तर कुणाची हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. पाऊस पडून गेल्यावर हा विषय काढला तर नातं तुटतं.

## टप्पा ४: बँक खातं

‘माझं खातं आधारशी लिंक आहे’ असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंही असतं. पण त्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. खातं उघडताना आधार दिलं, ती झाली ओळख पटवणं. सरकारी पैसा आधार क्रमांकावर पाठवला जातो तेव्हा तो कोणत्या बँकेत जायचा हे राष्ट्रीय भुगतान निगमाच्या यादीवरून ठरतं. त्या यादीत तुमच्या आधारपुढे बँकेचं नाव चढवणं म्हणजे सीडिंग. पहिली गोष्ट झाली म्हणून दुसरी होत नाही.

त्या यादीत एका आधारपुढे एकच बँक असते, शेवटी जोडलेली. बाईने एखाद्या योजनेसाठी नवं खातं उघडलं आणि तिथे सीडिंगचा अर्ज भरला, की जुन्या बँकेतला कापसाचा पैसा नव्या खात्यात वळतो. मग ती जुन्या पासबुकात नोंद शोधत बसते आणि ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून तक्रार करते. असे पैसे मी लोकांच्या घरातल्या विसरलेल्या दुसऱ्या पासबुकात सापडलेले पाहिले आहेत. घरात किती पासबुकं आहेत ते आज मोजा.

काय करायचं:

१. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्थिती’ बघा. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही तपासता येतं. बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ असं दोन्ही दिसलं पाहिजे.

२. नको असलेली बँक दिसत असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा आणि पोच घ्या. काउंटरवर ‘आधार लिंक करायचंय’ असं म्हणू नका. ‘थेट लाभासाठी आधार सीडिंग करायचंय’ असं म्हणा. शब्दाने फरक पडतो.

३. आठवड्याने पुन्हा तपासा. अर्ज भरला म्हणजे झालं नाही.

४. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. शंभर रुपये भरा, काढा, केवायसी अद्ययावत करा.

५. तुमचं जनधन खातं ‘छोटं खातं’ या प्रकारातलं आहे का ते विचारा. पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. ३० क्विंटल कापूस २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावाने विकला तर २,४३,३०० रुपये होतात. ते अशा खात्यात मावणार कसे? विक्रीआधी केवायसी पूर्ण करून मर्यादा काढून घ्या.

कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. त्यांना केंद्रावरून परत पाठवतात आणि ते निमूट परत येतात. डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलच्या ओटीपीवरून ओळख पटते, त्याचा आग्रह धरा. त्यासाठी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडून घेणं हे त्यांच्या घरच्यांचं काम आहे.

इशारा: नुकसानीची मदत बँकेने कर्जात वळती करू नये, असं शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं. शाखेने रक्कम रोखून धरली तर तोंडी वाद घालू नका. त्या शासन निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि एक प्रत तहसीलदारांना.

## टप्पा ५: जाहीर झालेल्या अर्थसाहाय्याचा अर्ज

वरचे चार टप्पे नीट झाले असतील तर हा छोटा आहे. २०२३ च्या कापूस-सोयाबीन मदतीसाठी नवा अर्ज नव्हताच. आधारची माहिती वापरायला संमतीपत्र आणि सामायिक खातेदारांचं ना-हरकत पत्र, एवढंच कृषी सहायकाकडे द्यायचं होतं. (कृषी सहायकांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी. अर्जावर नवं पदनाम लिहा.)

तरीही लोक अडकले ते ना-हरकत पत्रावर. चार भावांचं सामायिक खातं, एक पुण्याला, एक सुरतला. ज्याच्या खात्यात पैसे घ्यायचे त्याच्या नावाने बाकीच्यांच्या सह्या लागतात. दिवाळीला सगळे घरी येतात तेव्हा सह्यांचा एक मसुदा तयार ठेवा आणि प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स त्याच्याच सहीने घ्या. घोषणा झाल्यावर फोन फिरवण्यापेक्षा हे बरं.

## टप्पा ६: नुकसान झालं तर

पाणी ओसरायची वाट न बघता फोटो काढा. गटाची ओळख पटेल अशी खूण, विहीर, झाड, बांध, फोटोत येऊ द्या. तलाठी, कृषी आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी पंचनाम्याला येतील त्या दिवशी शेतात हजर राहा. पंचनाम्यावर सही करण्याआधी चार गोष्टी वाचा: गट क्रमांक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, कोरडवाहू की बागायत. कोऱ्या नमुन्यावर सही करू नका, कितीही घाई असली तरी.

‘आमच्या शेतात पाऊस झाला, पण मंडळात नोंद नाही’ हे दरवर्षी होतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तुमचं मंडळ कोणतं, पर्जन्यमापक कोणत्या गावात, हे आधी माहीत करून घ्या. मंडळात नोंद कमी आणि शिवारात पाणी भरलं असेल तर गावातल्यांनी मिळून पंचनाम्याची लेखी मागणी त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे द्यावी.

यादी तयार झाली की ज्यांची ॲग्रीस्टॅकमध्ये मंजूर नोंद नाही त्यांना विशिष्ट क्रमांक मिळतो, गावात सगळे त्याला ‘व्हीके नंबर’ म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करायची. पडद्यावर नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम दिसते. तिथे थांबा आणि वाचा. माहिती चुकीची असेल तर ‘सहमत’ दाबू नका, तक्रारीचा पर्याय निवडा. एकदा सहमती दिली की कमी क्षेत्र तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं.

## टप्पा ७: हमीभावाने कापूस देताना

२०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल असा हमीभाव होता. नोंदणी कपास किसान ॲपवर करावी लागते, पीक पेरा असलेला सातबारा आणि आधार चढवून. नोंदणी मंजूर झाल्यावर केंद्र आणि दिवस ठरवायचा, मगच गाडी भरायची. गाडी भरून जिनिंगच्या फाटकावर जाणं आणि मग मोबाइल काढणं, हा क्रम चालत नाही. उभ्या गाडीचं भाडं रोजच्या रोज चढतं.

किती क्विंटल घेतील हे पेऱ्याच्या क्षेत्रावर आणि जिल्ह्यासाठी ठरलेल्या उत्पादकतेवर असतं. टप्पा ३ मध्ये क्षेत्र कमी लागलं असेल तर त्याची किंमत इथे मोजावी लागते.

आणि ओलावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला भावाच्या एक टक्का कपात, १२ टक्क्यांच्या वर माल परत. ८,११० च्या भावात एक टक्का म्हणजे ८१ रुपये १० पैसे. १२ टक्के ओलाव्याचा २० क्विंटल कापूस दिलात तर ६,४८८ रुपये कमी येतात. एवढ्यात आठवडाभर कापूस वाळवणं परवडतं.

दव सुकल्यावर वेचा. वेचलेला कापूस त्याच दिवशी खोलीत दाबून भरू नका, दोन-तीन उन्हं दाखवा, अधूनमधून हात फिरवा. सरकी दाताखाली धरा. कट्ट आवाज होऊन फुटली तर माल वाळला, चेपली तर अजून ओल आहे. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र माल आणि शेवटची कवडी (डागाळलेला, हलका कापूस) एका गाडीत मिसळू नका, नाहीतर ग्रेडर पूर्ण गाडीला कवडीचाच दर्जा लावू शकतो. गाडी रात्री भरून उघडी ठेवू नका.

इशारा: व्यापारी खेडा खरेदीत कापूस घेतो आणि वर तुमचा सातबारा, आधार आणि ओटीपी मागतो, ‘पाचशे रुपये देतो’ म्हणून. देऊ नका. तुमच्या पेऱ्यावर दुसऱ्याचा माल गेला की तुमचा उरलेला कापूस हमीभावाने कुणी घेणार नाही, आणि खात्यात आलेल्या मोठ्या रकमेचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

तसंच, अनुदानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) कधीही उघडू नका. सरकार पैसे देण्यासाठी अशी फाइल पाठवत नाही. खातं रिकामं होतं ते अशाच फाइलीने.

## टप्पा ८: पैसे आले नाहीत, तर कुणाला विचारायचं

आधी सीडिंग स्थिती पुन्हा तपासा आणि घरातली सगळी पासबुकं भरून आणा. नंतर यादीत नाव आहे का ते बघा. नाव नसेल तर प्रश्न पीक पाहणीचा किंवा पंचनाम्याचा, म्हणजे तलाठी आणि कृषी अधिकारी. नाव आहे पण क्रमांक किंवा केवायसी प्रलंबित, तर सेवा केंद्र. केवायसी झाली, रक्कम पाठवली आणि परत गेली, तर बँक. सीसीआयचे पैसे असतील तर खरेदी केंद्र, वजनाची पावती घेऊन. हे ठरवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. बँकेतला माणूस तुमच्या पीक पाहणीबद्दल काहीच सांगू शकत नाही.

तोंडी विचारून एकदा परत आलात की दुसऱ्यांदा लेखी द्या. अर्जात गट क्रमांक, ओळख क्रमांक, हंगाम, क्षेत्र आणि आधारचे फक्त शेवटचे चार अंक लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. महिनाभर उत्तर नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दोनच प्रश्न विचारा: माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि माझं नाव कोणत्या कारणाने वगळलं. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. जिल्ह्याच्या लोकशाही दिनालाही, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जाता येतं. पण तिथेही पहिला प्रश्न येतो तो पोचपावतीचाच.

या सगळ्यासाठी घरात एक प्लास्टिकची फाइल ठेवा. त्यात त्या हंगामाचा सातबारा आणि आठ-अ, पीक नोंदीचा स्क्रीनशॉट छापून, शेतकरी ओळख क्रमांक, सीडिंग स्थितीचा कागद, पंचनाम्याची आणि विक्रीची पावती, अर्जांच्या पोच. दर खरिपाला नवी फाइल, वर पेनाने वर्ष. आणि ती कुठे आहे हे घरातल्या बाईला आणि पोरांना सांगून ठेवा.